वाऱ्याला बंदी

माझ्या सासऱ्यांचं आणि वाऱ्याचं हाडवैर. फटीतून झुळूक आली की त्यांची मान धरते. निदान त्यांचं म्हणणं तसं. थंडी पडताच त्यांनी दारंखिडक्यांच्या साऱ्या फटींना फोमच्या पट्ट्या चिकटवल्या, बाथरूमच्या झरोक्यावर पुठ्ठा ठोकला. मुंगीलाही आत शिरायची सोय उरली नाही.

त्याच सुमारास स्वयंपाकघरात धूर बाहेर फेकणारा मोठा पंखा बसला. तो चालू असला की बाहेरच्या बाजूला उघडणारं पुढचं दार हलेना. मी खांदा लावून बाहेर पडायची.

"पाहिलंस, कसं गच्च बसलंय!" सासरे खूश. पंखा हवा बाहेर फेकतोय आणि तिच्या जागी यायला दुसऱ्या हवेला वाटच नाही, हे मलाही सुचलं नाही. माझं सगळं लक्ष दुखऱ्या खांद्याकडे.

सासूबाई आंघोळ करताना गातात. सूर त्यांना अजून सापडलेला नाही, पण त्यांनी शोध सोडलेला नाही. लग्न झाल्यापासून सासरे पेपरमागून ओरडत आलेत, "अगं, पुरे!"

त्या सकाळी मी कांदा परतत होते, पंखा जोरात होता. गाणं मध्येच थांबलं.

"देव पावला," सासरे म्हणाले.

मला ते बरं वाटेना. ऐकणारा रडकुंडीला आला तरी सासूबाई कडवं अर्धवट सोडत नाहीत. मी हाक मारली. उत्तर नाही. बाथरूममध्ये गॅसचा गीझर होता, त्याचा धूर नळीतून बाहेर जायचा. आणि एकदम डोक्यात आलं, आता घरात हवा यायला तेवढी नळीच उरलीये. पंखा तिथूनच हवा ओढतोय, धुरासकट.

"बाबा, पंखा बंद करा! खिडक्या उघडा!"

"अगं, पण ती ओली असेल, वारा..."

"बाबा!"

मी बाथरूमच्या दाराला खांदा लावला. सवय होतीच. कडी निखळली. सासूबाई भिंतीला टेकून बसलेल्या, मान कलंडलेली. गीझर बंद केला, टॉवेल गुंडाळला आणि आम्ही दोघांनी त्यांना ओढत गॅलरीत आणलं. गार वाऱ्यात त्यांनी डोळे उघडले, तेव्हा मी हमसून हमसून रडले.

सासूबाई दवाखान्यातून घरी येईपर्यंत सासऱ्यांनी सगळ्या पट्ट्या नखांनी खरवडून काढल्या होत्या. गीझर बाहेरच्या भिंतीवर गेला.

आता सासूबाई आंघोळीला गेल्या की सासरे मफलर गुंडाळून बाथरूमबाहेर खुर्ची टाकतात, भर वाऱ्यात. परवा त्या मध्येच थांबल्या.

"अगं, पुढे?" सासऱ्यांचा आवाज चिरकला.

"अहो, पुढचं आठवत नाहीये."

"मग मागचं म्हण. पण म्हण."