अर्थिंगचा खड्डा

खडे मीठ, एक गोणी.

म्हशीचं मूत्र चालत नाही. गाईचंच लागतं, आणि तेही सकाळचं.

लाखांदूरला रुखमिणी मॅडमच्या घरावर एक खोली आहे. तिच्या खिडकीतून शाळेचं फाटक दिसतं.

मनिष काविळीनं गेला, त्याला आता तीन धानपिकं झाली.

तांब्याचा पत्रा, परातीएवढा.

गाडी अंगणात शिरली तरी कोंबड्या उठत नाहीत, कारण तिला आवाजच नाही.

"मोफत बसवणी एकदाच, आणि एकाच पत्त्यावर."

हे शेवटचं वाक्य गाडीच्या कंपनीतल्या मुलीनं फोनवर सांगितलं होतं, आणि एकोडीतल्या चंद्रभागाबाईंच्या घरात तेव्हापासून माणसं त्याच वाक्याभोवती उठत-बसत होती. त्यांची सून, मनिषची बायको तृप्ती, लाखांदूरच्या शाळेत शिकवते. एकोडीहून साकोली, साकोलीहून लाखांदूर, अशा एसट्या बदलत तिनं बरीच वर्षं काढली आणि होळीच्या आधी विजेवर चालणारी कार घेतली. सध्या ती साकोलीला हायवेवरच्या पंपाच्या कोपऱ्यात गाडी चार्जिंगला लावायची आणि आत बसून पेपर तपासायची. घरी चार्जिंग पॉइंट बसला की हे थांबणार होतं. घरी म्हणजे कुठल्या घरी, एवढंच ठरायचं होतं.

पत्ते दोन होते. एक एकोडीचं घर, दुसरी लाखांदूरला रुखमिणी मॅडमकडची भाड्याची खोली. जिथं पॉइंट बसेल तिथं रात्री गाडी उभी राहणार, आणि जिथं गाडी उभी राहील तिथं तृप्ती झोपणार. नवरा नसलेली सून सासरी कशाच्या जोरावर राहते, हे गावात तोंडावर कुणी विचारत नाही. पाठीमागे सगळे विचारतात. चंद्रभागाबाईंना सून घरात हवी होती. हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं, तृप्तीला तर नाहीच. मागून मिळालेली गोष्ट उष्टी होते, असं त्यांचं मत होतं.

"आई, पत्ता कोणता देऊ?" तृप्तीनं भाकर थापता थापता विचारलं.

"तुले जो सोयीचा पडते तो."

"तुम्हाला काय वाटतं?"

"मले गाडीतलं काय समजते?"

पुढच्या सपरीत, म्हणजे ओसरीत, खाटेवर बसलेले सासरे तुलाराम ओरडले, "मले समजते. मले कोणी विचारून नाही राहिलं."

"तुमाले रेडिओचे सेल टाकता येत नाहीत," चंद्रभागाबाई म्हणाल्या.

"एकदा उलटे टाकले, मनिषची माय. एकदा. जलमभर तेच धरून बसली."

तृप्तीनं पत्ता दिला नाही. "आधी माणूस येऊन जागा पाहून जाऊ दे," म्हणाली.

*

माणूस आला. त्याचं नाव अमर, राहणार साकोली, मोटरसायकलच्या मागे अवजारांची पेटी. बैल विकल्यापासून रिकाम्या पडलेल्या कोठ्यात आता गाडी राहायची. अमरनं कोठ्याची भिंत ठोकून पाहिली. पोकळ नव्हती.

"दोन प्रकार आहेत काकू. एक हा भिंतीवरचा डबा. याच्यानं गाडी झटक्यात भरते. सांजेले लावली का झोपाच्या वक्ताले काढून घ्या. हा कंपनी फुकट देते, मीटरचा लोड तेवढा वाढवा लागते. दुसरा म्हणजे साधा बोर्ड, कूलरले असते तसाच, फक्त जाड. गाडी रिकामी असन तं रातभर लावा, अन् दुसऱ्या दिवशी जेवणापर्यंत तशीच राहू द्या. तो फुकटात नाही येत, अन् तो कोणी मागतही नाही."

मग त्यानं मीटर काढला, दोन वायरी इकडे-तिकडे टेकवल्या आणि मान हलवली.

"अर्थिंग नाही."

"नाही कशी? पंखे फिरतात आमच्या घरचे."

"पंख्याले चालते. गाडी नखऱ्याची आहे. करंटाले जमिनीत जाची बरोबर वाट भेटली नाही, तं ते भरूनच घेत नाही. डबा लावा का बोर्ड लावा."

"नवरीसारखी म्हण ना," तुलाराम म्हणाले. "पहिले घर पाहते, मंग पाणी पिते."

इलाज होता. घरामागच्या सांदवाडीत खोल खड्डा खणायचा, तळाशी तांब्याचा पत्रा उभा करायचा, त्याच्याभोवती कोळशाचा थर, मिठाचा थर, पुन्हा कोळसा, पुन्हा मीठ, आणि वरून माती. मग रोज बादलीभर पाणी, कारण माती ओली राहिली तरच मीटरवरचा आकडा खाली उतरतो.

"सोमवारी खड्डा करू, मंग पंधरा दिवसानं रविवारी येतो," अमर म्हणाला. "आकडा उतरला तं इथं बसवू. नाही उतरला तं सरळ लाखांदूरचा पत्ता द्या. तिथलं अर्थिंग एकदम बढिया आहे. मी पाहून आलो."

म्हणजे तृप्तीनं तिकडचं आधीच पाहून घ्यायला लावलं होतं. चंद्रभागाबाईंनी ते ऐकलं. मग त्यांनी अमरच्या चहात साखर टाकली आणि ढवळत राहिल्या.

*

खड्डा सोमवारी झाला. तृप्ती शाळेत होती.

भुईत कुदळ घालायची तर आधी तिला हळदकुंकू वाहायचं, ही त्या घरची रीत. विहीर असो, चुलीची जागा असो, नाहीतर मांडवाचा खांब. चंद्रभागाबाईंनी रीत पाळली. हळद वाहिली, कुंकू वाहिलं, लिंबू कापून चार दिशांना टाकलं. मग अमरनं खणलं, आणि काळा थर, पांढरा थर, काळा थर, पांढरा थर असं भरत गेला.

कुंपणापलीकडे बेबीबाई कपडे वाळत घालत होत्या. नात्यानं चुलत जाऊ, आणि अर्ध्या गावाच्या खबरी ठेवणाऱ्या. त्यांनी एकच लुगडं बराच वेळ पिळलं.

*

पिठाच्या चक्कीवर: तुलारामच्या सुनेनं काहीतरी गाडलं म्हणते.

नळावर: कोळसा, मीठ, तांबं. लिंबू कापलं. आता सांग, वायरीले लिंबू लागते का?

बचत गटाच्या बैठकीत, हजेरी घेण्याआधी: तिले जाचं आहे लाखांदूरले. डोकरा-डोकरी, सासू-सासरे, आड येऊन राहिले.

हजेरी घेतल्यानंतर: जाऊ द्या, आपल्याले काय करा लागते.

*

"बाई, एक विचारू? राग येईन."

"येऊ दे. विचार."

"तुमच्या सांदवाडीत काय गाडलं?" बेबीबाईंनी आवाज खाली आणला.

"अर्थिंग."

"ते त्याईनं सांगतलेलं नाव झालं. आत काय आहे?"

"कोळसा, मीठ अन् तांबं."

बेबीबाईंनी गालाला हात लावला. "अन् वरतं हळदकुंकू! म्या माह्या डोयानं पाहिलं. मनिष तसा गेला. आता तुमचा नंबर लावते का काय ते पोट्टी?"

"हळदकुंकू म्याच वाहिलं, बेबी."

"तुमाले कोणं वाहाले लावलं?"

"कोणी नाही. रीत आहे."

"तेच तं! करणारा सोता हात लावत नसते. घरच्याच माणसाच्या हातून करवून घेते."

याच्यापुढे बोलायला जागा नव्हती. चंद्रभागाबाईंनी तरी बोलून पाहिलं. "पोट्टी म्हणू नोको. सून आहे माही. अन् मले मारून तिले काय भेटते? हे घरावरचे कवेलू?"

"मंग लाखांदूरले खोली काहून पाहून आली?"

चंद्रभागाबाई सुपातले तांदूळ निवडत होत्या. त्या निवडत राहिल्या.

"खोदून काढा अन् बोडीच्या पाण्यात टाकून द्या," बेबीबाई उठता उठता म्हणाल्या. "नसन जमत तं सांगा, मी पाहीन त्याच्याकडे."

*

बेबीबाईंनी खरंच पाहिलं. वाईट मनानं नव्हे. चंद्रभागाबाईंवर त्यांची माया होती, आणि मायेपोटीच माणूस दुसऱ्याच्या सांदवाडीत शिरतो.

चैत सरत आला होता. विहिरीचं पाणी तळाला गेलं होतं. पहिल्या दिवशी चंद्रभागाबाईंनी खड्ड्यावर बादली ओतली, दुसऱ्या दिवशी अर्धी, मग भांड्यांचं खळखळलेलं पाणी, मग तेही कोंबड्यांना ठेवावं लागलं. वरची माती पुन्हा पांढुरकी पडायला लागली. रविवार जवळ येत होता. त्यांना झोप लागेना, पण ते उन्हाळ्यावर ढकलता येत होतं.

मग एका सकाळी खड्डा ओला दिसला. त्यांनी पाणी टाकलं नव्हतं. तुलारामांनी तर आयुष्यात कशावरच टाकलं नव्हतं. दुपारी पुन्हा ओला. शिवाय वास.

तिसऱ्या दिवशी ऊन डोक्यावर आलं असताना त्या कोठ्याच्या आडोशाला उभ्या राहिल्या. कुंपणाच्या फटीतून बेबीबाई आल्या, हातात गडवा. मागून आणखी दोघी, एकीकडे लोटा, एकीकडे पेंटचा जुना डबा. करणी थंड करायला गोमूत्र लागतं, हे त्या गावात लहान पोरांनाही माहीत आहे. बेबीबाईंची स्वतःची म्हैस होती. गाईसाठी त्यांना तीन घरं फिरावं लागलं असणार. तिघींनी तोंडातल्या तोंडात काही म्हटलं, खड्ड्यावर ओतलं, आणि मागं न पाहता निघून गेल्या.

ओरडावं, असं चंद्रभागाबाईंना एकदा वाटलं. सून त्यांचीच होती आणि बदनामीही त्यांच्याच घराची चालली होती. त्यांनी खड्ड्याकडे पाहिलं. माती काळी, भिजून फुगलेली. ओल लागत होती, आणि ओल मिळत होती. त्या परत आत गेल्या आणि जाताना कुंपणाच्या फटीतलं एक काटेरी झुडूप पायानं थोडं बाजूला सारलं.

रोज दुपारी खड्डा भिजत राहिला.

"मनिषची माय," तुलाराम शुक्रवारी म्हणाले, "मांगं कोणाची गाय बांधली का?"

"नाही."

"मंग माहं नाक गेलं."

*

रविवारी तृप्ती घरीच होती. अमरनं मीटर लावला, पुन्हा लावला, मग दुसरा मीटर काढून लावला.

"काकू, किती पाणी टाकलं?"

"टाकलं बाप्पा, जमलं तसं."

"लाखांदूरपेक्षाही खाली उतरला आकडा. कोळसा चांगला होता, म्हणून म्या साकोलीहून आणला." त्यानं नाक ओढलं. "वास कायचा येऊन राहिला?"

"कोठा आहे ना."

"कोठ्यात तं गाडी आहे."

"गाडीले सवय लागली," सपरीतून तुलाराम.

तृप्ती हसली नाही. ती कुंपणाकडे पाहत होती. पलीकडे बेबीबाई कोरडे कपडे पुन्हा झटकत होत्या.

"आई, मी काहीतरी गाडलंय म्हणतात," ती हळूच म्हणाली. "दुकानात साबण घ्यायला गेले तर बोलणं बंद झालं."

"मालूम आहे मले."

"तुम्ही काय म्हणालात?"

"म्या म्हटलं, हळदकुंकू माहं आहे."

तृप्तीनं मान डोलावली. अमर फोन हातात घेऊन उभा होता. "मॅडम, मंग हाच पत्ता टाकू? एकडाव टाकला का बदलत नाही."

आता अर्थिंग नाही, हे कारण उरलं नव्हतं. जे हवं ते चंद्रभागाबाईंच्या अंगणात येऊन उभं होतं. त्यांना फक्त गप्प राहायचं होतं, आणि गप्प राहण्यात त्या तरबेज होत्या.

"हो," तृप्ती म्हणाली. "टाका. इथलाच."

पुरे म्हणायचं राहून गेल्यावर पानात पडलेला भात माणूस जसा खाली मान घालून संपवतो, तसा तो आवाज होता. चंद्रभागाबाईंनी आयुष्यभर माणसांना वाढलं होतं. कुणाचं पोट कधी भरलं, ते त्यांना आवाजावरून कळायचं.

"थांब गा, पोरा," त्या म्हणाल्या. "डबा लाखांदूरले लाव."

अमरचा अंगठा फोनवर थांबला. "काकू, आता तं आकडा उतरला!"

"उतरला तं उतरला. इथं तो साधा बोर्ड लाव."

"आई?" तृप्ती म्हणाली.

"शाळा तिकडं आहे, तं राहणं तिकडं कर. शनिवारी इकडं ये. साध्या बोर्डावर गाडी रविवारच्या जेवणापर्यंत सुटत नाही म्हणते ना हा? तेवढं बस झालं मले."

बोलून झाल्यावर त्यांना आपण फार बोललो असं वाटलं. त्यांनी पदरानं मान पुसली. सपरीत खाट करकरली. तुलारामांना ऐकू आलं होतं.

तृप्तीनं बोटांवर अंतर मोजलं. ती शिक्षिका होती, चुकीचं गणित तसंच सोडायची तिला सवय नव्हती.

"आई, तिकडून पूर्ण भरून निघाले तर येऊन-जाऊन पुरते. इथं लावायची गरजच पडणार नाही."

चंद्रभागाबाईंनी अमरकडे पाहिलं.

"हाव काकू," अमर म्हणाला. "अर्धीही खाली होत नाही."

कुंपणापलीकडे कपडे झटकायचे थांबले होते.

"तरी लाव," चंद्रभागाबाई म्हणाल्या.

*

डबा रुखमिणी मॅडमच्या घराखाली बसला. बोर्ड कोठ्यात बसला. तृप्तीनं दोन पिशव्या आणि कूलर नेला. बेबीबाईंनी चक्कीवर सांगितलं की उतारा लागू पडला, ज्याचं त्याच्याकडे गेलं. त्यांनी ओतणंही थांबवलं.

पहिल्या शनिवारी गाडी दिवे लागायच्या वेळी आली. कोंबड्या हलल्या नाहीत. काचेसमोरच्या पडद्यावर बॅटरी अर्ध्याच्या बरीच वर होती. तृप्तीनं डिकीतून जाड काळी वायर काढली, एक टोक गाडीला आणि एक बोर्डाला लावलं, आणि आत येऊन हातपाय धुतले.

गाडी विकत घेऊन आणली त्या दिवशी बोनेटवर कुंकवाचं स्वस्तिक तृप्तीनं काढलं होतं. विधवेनं कुंकवाला हात लावायचा नसतो, तरी पूजेचं ताट चंद्रभागाबाईंनी स्वतः न घेता तिच्या हातात दिलं होतं.