राजाबाईचं दुखणं

"सुई टोचली की पोरीला पुढं मूलच व्हत न्हाय म्हणं," अक्काताई शेजारच्या दारातून आत येत म्हणाली. "भावकूआण्णा, उद्या तेजस्वीला शाळंला धाडूच नगा."

भावकूनं हातातला चहाचा कप बशीत ठेवला. मुलगा आणि सून पुण्याला कामाला. "आप्पा, तुम्ही म्हणाल तसं," एवढं फोनवर बोलून ते मोकळे झाले होते. आता नातीचं काय करायचं, ते एकट्या भावकूनं ठरवायचं होतं.

समोर सोनल बसली होती. निपाणीची मुलगी, उद्या शाळेत मुलींना टोचणार होते त्या लसीबद्दल लोकांना काय वाटतं, ते कॉलेजच्या अभ्यासासाठी उचगावात घरोघर विचारत होती.

"आजोबा, भीती कसली वाटतीय?"

"टोचल्यावर पोरीला काय झालं तर? पोराला कुठलं तोंड दावू?"

"तर काय!" अक्काताई म्हणाली. "ही बया इचारून जाईल निपाणीला. निस्तरायचं आमी."

"मावशी, मी कुठं टोचायला आलोय?" सोनल हसली. मग भावकूकडे वळून तिनं विचारलं, "ही लस गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरसाठी आहे. तो झालेलं ओळखीत कोण हाय?"

"तसला रोग न्हाय बाई आमच्यात," अक्काताईच बोलली. "ह्यांची राजाबाई गेली, ती अल्सरनं. व्हय न्हवं, आण्णा?"

बायको आजारी पडली तेव्हा लेकीची सोयरीक ठरत आली होती. बायकांचा रोग म्हटला की लोक बाईच्या चालीवर जातात. म्हणून नवराबायकोनं अल्सर सांगितला. अक्काताई बिचारी रोज ताक आणून द्यायची, पोटाला गार म्हणून. राजाबाई ते मुकाट्यानं प्यायची.

आत तेजस्वी कसलंसं गाणं गुणगुणत होती.

"अल्सर न्हवता," भावकू म्हणाला. "हिनं आत्ता नाव घेतलं न्हवं, त्योच व्हता."

त्यानं आतल्या खोलीकडं बघितलं.

"उद्या मी पोरीसंगं शाळंत जातोय. भ्या लई वाटतंय. तरी जातोय."

अक्काताई भिंतीला टेकून हळूच खाली बसली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत सोनलला म्हणाली, "पाळी जाऊन वरसं झाल्यावर... परत अंगावर जायला लागलं तर, ते काय असतंय गं?"

सोनलनं तिचा हात धरला.

"आण्णा," अक्काताई वर न बघता म्हणाली, "तुमी जरा भायेर जाता?"

भावकू उठला. दार ओढून घेतलं आणि आतलं ऐकू येऊ नये म्हणून पार गोठ्यापर्यंत जाऊन, घराकडं पाठ करून उभा राहिला.