रेक्स, गिगा आणि रोडगे

माझी भाची संध्या वाद घालते. हा तिचा मोठा दुर्गुण आहे असं माझी बहीण इंदूबाई म्हणते, आणि स्थळं पाहायला येणारे लोकही तेच म्हणतात. आता अकोल्यात रिक्षावाल्यापासून नगरसेवकापर्यंत सगळेच वाद घालतात. तिथे कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या एका मुलीनं थोडा घातला तर काय बिघडलं? पण माझं ऐकतं कोण. आजवर चार स्थळं आली आणि चारही "मुलगी हुशार आहे, पण..." एवढं बोलून गेली. त्या 'पण'च्या पुढचं आम्हाला पाठ झालं होतं.

पाचवं स्थळ मी आणलं. मेहुणे गेल्यापासून संध्याच्या लग्नाची धावपळ माझ्याकडेच आहे. मुलगा सुगत, अमरावतीचा, वीज कंपनीत इंजिनिअर, सध्या नेमणूक धारणीला. त्याचे वडील जानराव चांदूर बाजारला शाळेत खेळाचे मास्तर होते आणि अख्ख्या जिल्ह्यात कबड्डीचे पंच म्हणून नावाजलेले. मी एसटीत कंट्रोलर असताना त्यांच्या कबड्डीच्या पोरांची बस चुकली आणि ते माझ्या खिडकीशी येऊन तावातावानं भांडले, तेव्हापासूनची आमची ओळख. भांडून झालेली ओळख टिकते, असा माझा अनुभव आहे.

आमच्या नात्यात एक जुनी रीत आहे. मुलगी पाहायला आलेले लोक पाणी पितात, चहा पितात, पण मुलीच्या घरचं अन्न तोंडात घालत नाहीत. घातलं की होकार समजायचा. त्यामुळे मुलीकडच्यांना पंगतीचा स्वयंपाक आधीच करून झाकून ठेवावा लागतो, आणि पाहुणे नुसत्या चहावर उठले की तो आपणच खायचा. इंदू अशा दिवशी रोडगे करते. कणकेचे जाड गोळे गोवऱ्यांच्या आरात भाजायचे, वरून अगदी दगड होईपर्यंत, मग मुठीनं फोडून वरण, वांग्याची भाजी आणि तूप घालून खायचे. चार नकारांचे रोडगे मी खाल्ले आहेत. त्यांच्यावर कितीही तूप ओता, घशाखाली उतरत नाहीत.

तर जानेवारीतला रविवार होता. जठारपेठेतल्या घराच्या गच्चीवर इंदूनं सकाळीच गोवऱ्या पेटवल्या, शेजारणीनं धुराबद्दल दोन शब्द ऐकवले, आणि खाली येताच इंदूचा मुलीला उपदेश सुरू झाला.

"संध्ये, आज विचारलं तेवढंच बोलजो."

"अन् ते चुकीचं बोलले तं?"

"बोलू दे. चुकीचं बोलल्यानं कोणी मरत नाई."

टीव्हीच्या कपाटावर संध्यानं वर्गात दाखवायला आणलेले प्लास्टिकचे डायनासोर ओळीनं उभे असत. इंदूनं ते गोणीत भरून माळ्यावर टाकले. संध्या बघत राहिली, बोलली काहीच नाही. मला तेव्हाच बरं वाटलं नाही.

पाहुणे अकराला आले. जानराव, त्यांच्या पत्नी माणिकबाई आणि सुगत. जय भीम झाले, पाणी झालं, चहा आला. संध्या समोर बसली. शिक्षण काय? एमएस्सी. कॉलेज कुठलं? तिनं नाव सांगितलं. स्वयंपाक येतो का? हो. धारणीला करमेल का? हो. मेळघाटातल्या रस्त्यांवरून जीपनं जायला लागतं बरं. हो.

मला राग येत होता, आणि तो कुणावर काढावा ते कळत नव्हतं. ही आमची संध्या नव्हतीच. सुगतही खाली मान घालून कपातला चहा ढवळत होता, साखर केव्हाच विरघळली होती तरी. जानरावांनी घड्याळ पाहिलं. चहा संपत आला होता, आणि चहा संपला की काय होतं ते या घराला ठाऊक होतं.

तेवढ्यात सुगतनं कप ठेवायला हात लांब केला आणि त्याला टीव्हीच्या मागून एक शेपटी बाहेर आलेली दिसली. इंदूच्या गोणीतून एक गडी निसटला होता. सुगतनं शेपटी धरून त्याला ओढून काढलं आणि पोराच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच जीव आला.

"टी-रेक्स," तो म्हणाला. "तुमचा?"

"हो."

"मस्त हाये. पण गिगानोटोसॉरससमोर टिकला नसता हा."

मी संध्याकडे पाहिलं. तिनं ओठ घट्ट मिटले. स्वयंपाकघराच्या दारातून इंदू डोळे वटारून तिला धरून ठेवत होती. संध्यानं ग्लास उचलला, सगळं पाणी प्यायलं आणि ग्लास खाली ठेवला.

"काहून नसता टिकला?"

दारात इंदूनं कपाळावर हात मारून घेतला.

"गिगा लांब होता ना," सुगत खुर्चीत पुढे सरकला. "रेक्सपेक्षाही लांब."

"लांब असन. पण वजन रेक्सचं जास्त. लांबीनं कुस्ती जिंकत नाई कोणी."

"पण गिगाचे दात पातळ, धारदार. एक चावा घेतला की लांबच लांब कापत जाते तो."

"अन् रेक्स हाडासकट फोडते. मान सापडली की संपलं."

"सापडली तं ना."

"तुमी रेक्सची कवटी नीट पाह्यली का कधी? फोटोतली तरी?" संध्याचा आवाज तिच्या नेहमीच्या पट्टीत आला होता. वर्गात शेवटच्या बाकाला ऐकू जातो तो.

जानराव आतापर्यंत एकदा याच्याकडे आणि एकदा तिच्याकडे पाहत होते. आता त्यांच्यातला पंच जागा झाला.

"थांबा. चढाई कोण करते?"

"गिगा," सुगत म्हणाला.

"मग रेक्सनं पकड करायची. हात दाखव त्याचे." त्यांनी खेळणं हातात घेतलं आणि त्यांचा चेहरा पडला. "एवढेसे? एवढ्याशा हातानं कशी पकड करन हा?"

"तोंडानं, काका," संध्या म्हणाली. "त्याची सगळी ताकद जबड्यात."

"अहो," माणिकबाई हळूच म्हणाल्या, "आपण मुलगी पाह्यले आलो."

"तेच पाहून राहिलो ना मी."

मलाही राहवेना. "पण हे दोघं भिडले कुठं होते?" मी विचारलं.

"कुठंच नाई," दोघं एकदम म्हणाले. सुगत थांबला, तर संध्यानं पुढचं सांगितलं. "गिगा दक्षिण अमेरिकेत, रेक्स उत्तरेत. अन् मधी तीन कोटी वर्षं. भेटच नाई झाली, मामा."

म्हणजे जी मारामारी कधी झालीच नाही तिच्यापायी माझ्या भाचीचं लग्न मोडत होतं. मी इंदूकडे पाहिलं. ती दाराला टेकून उभी होती, आणि तिनं आशा सोडलेली दिसत होती.

"असं तोंडी नाई समजत," जानराव म्हणाले. "हाडासारखं टणक काही हाये का घरात?"

संध्या आत गेली आणि सुरी आणि दोन रोडगे घेऊन आली.

"संध्ये, ते झाकून ठेवले होते," इंदू म्हणाली. पण पंचांनी सामना सुरू केला होता.

"सुगत, तू गिगा. घे सुरी. मी रेक्स." जानरावांनी शर्टाची बाही वर केली, रोडगा मुठीत धरला आणि दुसऱ्या हाताचा तळवा वरून दाबला. कटकन आवाज झाला. रोडगा फुटला, आतून वाफ आली आणि खरपूस वास साऱ्या बैठकीत पसरला. तिकडे सुगतची सुरी रोडग्याच्या कवचावरून नुसती घसरत होती.

"पॉइंट रेक्सले," जानराव म्हणाले, आणि हातातला तुकडा तोंडात टाकला.

ते खुशाल चावत होते. मग त्यांना कळलं की सगळे आपल्या तोंडाकडे पाहत आहेत.

"अहो," माणिकबाई म्हणाल्या.

जानरावांचा जबडा तिथेच थांबला. गाल फुगलेला. "थुंकू का?" त्यांनी कसंबसं विचारलं.

"अन्न थुंकता का?"

त्यांनी गिळलं. इंदू मटकन खाली बसली. मध्यस्थ मी, बोलायला मी हवं होतं. तीस वर्षं बसस्टँडवर गाड्या पुकारल्या, पण ही गाडी कुठे निघाली ते माझं मलाच कळेना.

शेवटी जानरावच बोलले, आणि सरळ माणूस म्हणून मी त्यांना मानतो ते यासाठीच. "हे धरू नका. खेळाच्या नादात खाल्लं मी. माह्या चुकीनं पोरीचं आयुष्य नाई ठरत. पोरांचं पोरं ठरवतीन."

सगळे संध्याकडे पाहू लागले. ती उभीच होती, हाताला रोडग्याची राख लागलेली. मघाचा सगळा जोर ओसरला होता.

"मी अशीच हाये," ती म्हणाली. "आईनं गप बस म्हटलं तं बसली मी. चहा होईपर्यंत बसली. त्याच्या पुढं माह्याच्यानं नाई होत. आज नाई तं उद्या तुमच्या घरी मी हेच करन. ते आत्ताच पाहून घ्या."

सुगतनं मान वर केली नव्हती. त्याची सुरी चालूच होती, त्याच जागी, पुढे मागे.

"तुमी ऐकून राहिले का?" संध्यानं विचारलं.

"ऐकून राहिलो ना. पण हे तुटू द्या आधी." त्यानं रोडगा मांडीवरच्या रुमालावर नीट धरला. "गिगाचं असंच असते. टाइम लागते त्याले, पण सोडत नाई तो."

एका पाहुण्यानं आमच्या बैठकीत बसून रोडगा करवतावा आणि आम्ही तो पाहावा, असं कधी झालं नव्हतं. अखेर सुरी आरपार गेली. दोन अर्धे झाले, काठ अगदी साफ. सुगतनं ते संध्याला दाखवले, मग एक अर्धा उचलला आणि मोठा घास तोडून खाल्ला. कोरडाच, ना वरण ना तूप.

"बाबा," तो भरल्या तोंडानं म्हणाला, "हे खेळातलं नाई. हे धरा."

मुलीकडच्यांनी केव्हा काय खावं याबद्दल आमच्याकडे काहीच रीत नाही. मुलीला विचारायची गरज आमच्या आज्या-पणज्यांना पडली नसावी. संध्या दोन पावलं पुढे आली, त्याच्या रुमालावरचा दुसरा अर्धा तिनं उचलला, आणि सगळ्यांसमोर उभ्या उभ्या खाल्ला. पुरा. मला इतका आनंद झाला की मी भिंतीकडे तोंड करून चष्मा पुसत बसलो.

मग पंगत बसली. इंदू वाढता वाढता मधेच पदर डोळ्यांना लावत होती आणि माणिकबाई तिच्या हातातून पळी काढून घेत होत्या. ताटांपलीकडून रेक्स आणि गिगा पुन्हा भिडले होते. आता शेपटीचा मुद्दा निघाला होता.

"निकाल काय मग?" जानरावांनी हात धुताना विचारलं.

"नाई लागला अजून," संध्या म्हणाली.

"घाई काय हाये," सुगत म्हणाला.

मी इंदूकडून आणखी एक रोडगा मागून घेतला. होकाराचा रोडगा आमच्या घरात मी पहिल्यांदाच खात होतो. त्याला तूपसुद्धा लागलं नाही.