अंगठीची शर्यत

दसऱ्याला ट्रेलरना झेंडूच्या माळा चढल्या, की बळीराम शेठ खिशातून सोन्याची अंगठी काढायचे आणि वर्षात सगळ्यात जास्त फेऱ्या मारणाऱ्या ड्रायव्हरच्या बोटात स्वतः घालायचे. आगरी माणूस, सोनं द्यायचं तर चारचौघांत! पनवेलच्या त्यांच्या यार्डात या अंगठीची केवढी शान. कुंदनच्या हातात तर आता नवी घालायला बोट शोधावं लागत होतं.

पण यंदा त्या अंगठीनंच घात केला. कोळंबीचा कंटेनर घेऊन निघालेला कल्पेशचा ट्रेलर बंदराच्या वाटेवर द्रोणागिरीजवळ पंक्चर झाला. जॅक नेमका बिघडलेला. मागून आपलाच कुंदन आला, हॉर्न मारला आणि सरळ निघून गेला. थांबला असता तर त्याची फेरी हुकली असती ना! न्हावा शेव्याची बोट काय कुणासाठी थांबते? कल्पेशची कोळंबी न घेताच ती सुटली. कोळंबीवाले प्रभाकर शेठ फोनवर एवढंच म्हणाले, "पुन्हा असं झालं तर मी दुसरा ट्रान्सपोर्ट बघणार." निम्मा धंदा त्यांच्यावर चालत होता.

फोन घेतला होता भाविकानं. बळीरामांची लेक, हल्ली कारभार तीच बघायची. आधी तिला कुंदनचा असा संताप आला, की समोर असता तर सोलून काढला असता. मग डोकं थंड झालं आणि तिला स्वतःचाच राग आला. कुंदननं वेगळं काय केलं होतं? आपण मागितलं तेच दिलं त्यानं.

"दादा, अंगठी बंद करूया," ती बापाला म्हणाली.

"येडी झालीस काय बाय? कुंदन सोडून जाईल."

"जाऊ दे. आपण सोनं देतो फेऱ्यांना, आणि माल वेळेवर पोचावा म्हणून देव पाण्यात घालून बसतो. असं कसं चालेल?"

बळीराम दोन दिवस तिच्यावर धुसफुसत राहिले. पण भाविका मागे हटणाऱ्यातली नव्हती. दसऱ्याला ती सगळ्यांसमोर उभी राहिली. "आजपासून एकट्याला अंगठी नाही. वर्षभर आपल्या चुकीनं एकही बोट हुकली नाही, तर ड्रायव्हर, मेस्त्री, ऑफिस, सगळ्यांना सारखा बोनस. हुकली तर कुणालाच नाही."

"आनी शेठचं काय?" कुंदन फटकन बोलला. "आमचा बोनस गेला तर गेला. त्यांच्या अंगावरचं सोनं थोडंच कमी होनार हाय?"

सगळ्यांचा विचार भाविकानं केला होता, फक्त आपल्या बापाचा राहिला होता. आणि कुंदनचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं!

बळीराम लालबुंद झाले. आता हा माणूस कुंदनला हाकलणार, असंच तिला वाटलं. पण त्यांनी गळ्यातली जाडजूड चेन काढली आणि कुंदनच्या हातात ठेवली.

"ठेव तुझ्याकडं. पुढच्या दसऱ्यानंतर माझ्या परेशची हळद हाय. सगळ्या बोटी गाठल्या, तर तूच माझ्या गल्यात घाल. एक जरी हुकली, तर पोराच्या हळदीला मी मोकल्या गल्यानं बसेन. आख्ख्या गावासमोर!"

मुलाच्या हळदीत आगरी बाप सोन्याशिवाय? म्हातारा नुसता बोलत नव्हता, हे प्रत्येकाला कळलं.

कुंदननं चेन हातात तोलली. त्याचा सगळा तोरा उतरला. तो कल्पेशकडे वळला.

"उद्या किती वाजता सुटतोस रं? माझ्या पुढं राहा, मी मागनं येतो."