पाणकराचा नंबर

"काका, पत्र्याला भोक पाडू नका! गाडी संस्थेची आहे!" खालून हिमांशु ओरडला.

"भोक नाई पाडलं तं वायर काय तुह्या कानातून आत नेऊ?" टपावरून देवचंदने विचारलं. रांगेतल्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या.

फिरत्या दवाखान्याची ती पांढरी गाडी नागपूरहून आली होती. आत पलंग होता, तपासायची यंत्रं होती, भिंतीवर टीव्हीएवढा पडदा होता. डॉक्टर मात्र नागपुरातच बसलेले. ते पडद्यावर येणार, तेही नेट मिळालं तर. आणि देवरीपलीकडच्या या रानात नेट डोंगराआड अडलेलं. गाडीबरोबर आलेला तंत्रज्ञ हिमांशु सकाळपासून टपावर अँटेना चार ठिकाणी चिकटवून बघून घामाघूम झाला, तेव्हा कोणीतरी देवचंदला हाक मारली. तीस वर्षं त्याने गावोगाव बांबूवर टीव्हीचे अँटेने चढवले होते.

देवचंदने आधी गाडी तलावाच्या पाळीवर चढवायला लावली. त्याच्या पूर्वजांनी बांधलेला तलाव. जमिनीकडे नुसतं बघून पाणी कुठून कुठे उतरेल हे सांगणारी ती माणसं. यालाही डोंगराची खाच बघून कळायचं, लहर कुठून येईल. मग त्याने सहा फुटी नळी उभी केली, तिच्या बुडाशी दाराची बिजागरी लावली, म्हणजे रानवाटेने जाताना फांद्यांखाली ती आडवी निजावी. वायरच्या भोकात रबराची कडी बसवली, पाणी झिरपू नये म्हणून भोवती लांबीचा लगदा भरला. शेवटी अँटेनाचं तोंड देवरीच्या टॉवरकडे हळूहळू वळवलं, निजलेल्या लेकराची मान वळवावी तसं.

"बोल, आलं का?"

"एक कांडी... तीन... काका, फुल!"

पडद्यावर डॉक्टर उमटले. चष्मा, हातात चहाचा कप. पाळीवर गलका झाला.

"काका, पहिला नंबर तुमच्या घरचा," हिमांशु खुशीत म्हणाला. "बोलवा काकूंना."

देवचंदची बायको पुष्पाबाई पळसाखाली बसली होती. दोन महिन्यांपासून पाय सुजलेले. आडवं पडलं की जीव गुदमरायचा, म्हणून भिंतीला टेकून झोपायची. घरून पाळीपर्यंत येताना ती चार वेळा थांबली होती. हाक ऐकून ती उठली, पदर नीट केला.

"नाई," टपावरून देवचंद म्हणाला. "आमी पानकर हावो, बावा. तलावाची तोटी आमच्या घरानं उघडाची, पन पानी पयले टोकाच्या वावराले. आपल्या वावरात सगळ्यात शेवटी. चार पिढ्यांत पयलं पानी घेतलं नाई आमी."

तो हे जरा मोठ्यानेच बोलला.

"मानूस असावा तं असा," रांगेतून सुखराम म्हणाला. माना हलल्या. देवचंदचा चेहरा उजळला.

पुष्पाबाई गाडीजवळ आली. "काऊन जी, मले धाप लागून रायली," ती हळूच म्हणाली.

"दोन घंटे बसलीस तं मरत नाई तू."

ती परत पळसाखाली जाऊन बसली.

सत्तावीस माणसं होती. शकुंतलाबाईचा गुडघा झाला, बकारामची खाज झाली. सुखरामला काहीच होत नव्हतं. त्याने डॉक्टरला पिकाचं विचारलं, मग नागपुरात पाऊस आहे का ते विचारलं. वाऱ्याने दोनदा अँटेना हलला, दोनदा देवचंदने सावरला.

मग पुष्पाबाई गाडीच्या तीन पायऱ्या चढली, तिन्हींवर थांबत. स्टुलावर बसली, हात जोडले.

पडद्यावर रिकामी खुर्ची होती. वर पंखा फिरत होता आणि खुर्चीच्या पाठीवरचा टॉवेल हलत होता. इतकं स्वच्छ की टॉवेलचे धागे मोजून घ्यावेत.

"डॉक्टरांची वेळ दोनपर्यंतच होती," वायर गुंडाळत हिमांशु म्हणाला. "पुढच्या महिन्यात, काकू. पक्का."

पुष्पाबाई बराच वेळ खुर्चीकडे बघत राहिली. दारात नवरा येऊन उभा होता.

"केवढं साफ दिसते जी," ती त्याला म्हणाली. "चांगलं बसवलं तुमी."

पुढच्या महिन्यात गाडी आली तेव्हा बिजागरीचा नट ढिला झाला होता. देवचंद टपावर चढला. त्याच्या मुंडण केलेल्या डोक्यावर नुकते कुठे केस फुटत होते. हिमांशुने खालून पाना दिला आणि बाजूला झाला.

नट आवळला, तोंड वळवलं. पत्र्याखालून डॉक्टरांचा आवाज खणखणीत आला, "हां, पाठवा. पहिलं कोण?"

रांगेतून कोणी हललं नाही. सगळ्यांनी वर पाहिलं.

"हॅलो? पहिलं कोण आहे? लवकर करा, वेळ कमी आहे."

शकुंतलाबाईने पदर खोचला, गुडघ्यावर हात टेकला आणि पायरी चढली. मागची बाई पुढे सरकली.

वारा सुटला होता. देवचंद दोन्ही हातांनी नळी धरून टपावर उभा राहिला.