वठलेल्या झाडाची शेजारीण

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी पेटी आहे. पक्ष्यांनी आत संसार मांडावा म्हणून मला झाडावर टांगले आहे. माझा रंग आता उडाला आहे आणि छपराला चीर गेली आहे. स्वभाव मात्र जसाच्या तसा आहे. मी जळकुकडी आहे. कुंपणापलीकडे एक वठलेले झाड उभे आहे, आणि त्याचा हेवा केल्याशिवाय माझी एकही सकाळ जात नाही.

माझा जन्म फर्निचरच्या कारखान्यात झाला. खिडकीची चौकट करून उरलेली फळी मालकांनी उचलली आणि कारागिरांच्या हाती न देता स्वतः रंधा मारायला घेतली. माझे सांधे इतके घट्ट बसले की मुंगीही शिरली नसती. बाहेरून निळा रंग, छपराला लाल. आतून वॉर्निश असे दिले की बोट टेकवले तर घसरावे. दाराच्या गोल भोकाखाली एक नाजूक दांडी बसवली, पाहुण्यांनी क्षणभर टेकून मग आत यावे म्हणून. "हिच्यात मीच राहायला जातो," असे एक गिऱ्हाईक म्हणाले, तेव्हा मी मनातल्या मनात फुगून गेले.

मालकांच्या वडिलांचे रान दोघा भावंडांत वाटले गेले होते. अर्धे मालकांचे, अर्धे त्यांच्या थोरल्या बहिणीचे. त्या दातांच्या डॉक्टर. मालक त्यांना ताई म्हणत. मालकांनी आपला भाग दिवाणखान्यासारखा लख्ख केला. झुडपे उपटली, पडलेली लाकडे उचलली, वठलेली झाडे पाडली, गवत भुईसपाट कापले आणि मग पक्षी यावेत म्हणून मला टांगले. ताईंच्या बाजूला पाहिले तर वाटे, इथे कोणी हातच लावत नाही. खरे तर त्या बरेच काही करत. माजलेल्या वेली उपटत. गवत पिल्ले उडून गेल्यावरच कापून घेत, तेही एका वेळी एकच तुकडा. बाकीचे तसेच उभे ठेवत.

आणि ते झाड! अंगावर धड साल नाही, डोक्यावर एक पान नाही, पायाशी अळंबी, एक फांदी मोडून लोंबते आहे. असल्या ध्यानाकडे कोण फिरकणार, असे मला वाटले होते. पण सगळे तिकडेच जात. सुतारपक्ष्याने त्याच्या खोडात भोक पाडले, पिल्ले वाढवली आणि तो गेला. लगेच दुसरी एक चिमुकली जोडी त्याच भोकात राहायला आली. मी निळीजांभळी होऊन बघत राहिले. माझ्या दांडीवर कोण बसे? कावळा. तो आत चोच घालून चाचपून बघे आणि निघून जाई.

एकदा एक छोटा पक्षी आला. आत डोकावला. माझा जीव भोकात गोळा झाला. तो उडाला आणि सरळ त्या झाडावर जाऊन बसला.

जळणारी मी एकटीच नव्हते. मालक संध्याकाळी खुर्ची टाकून दुर्बीण लावत. ती माझ्यावरून हळूच सरकून कुंपणापलीकडे जाई.

"सुतारपक्षीसुद्धा तिकडेच!" ते एकदा म्हणाले. "निदान त्यानं तरी धंद्याची लाज राखायची."

"पक्ष्यांना रंग आवडला नसेल," मालकीणबाई म्हणाल्या. "मलाही कुठे आवडला होता?"

मग वारा सुटला आणि झाडाची मोडकी फांदी कुंपणावर टेकली. मालकांना निमित्तच मिळाले. ते करवत घेऊन आले. मित्रांनो, त्या क्षणी माझ्या आत पहिल्यांदाच काहीतरी फडफडले. तो आनंद होता.

ताई धावत आल्या.

"हे झुकलंय, ताई. आज पाडतो. पडलं तर माझ्या बाजूला पडेल."

"पडू दे. तुझ्या बाजूला आहे कोण? चिटपाखरूही नाही."

मालक लालबुंद झाले. "लोकांचे किडके दात उपटतेस, आणि हा किडका खुंट जपतेस!"

"दात उपटण्याआधी मी तोंडात बघते. तूही बघ. कान लाव खोडाला."

मालकांनी चिडूनच कान लावला आणि तो बराच वेळ काढला नाही. आत पिल्ले चिरचिरत होती. ती मलाही ऐकू येत होती. मालकांनी करवत गवतावर ठेवली.

"मी एवढी मेहनत घेतली गं त्या पेटीवर," ते हळू आवाजात म्हणाले. "एकही येत नाही."

ताई हसल्या नाहीत. कुंपण ओलांडून त्या माझ्याकडे आल्या आणि दात बघायचा छोटा आरसा खिशातून काढून भोकातून आत घातला.

"आत काच केलीस की रे! पिल्लू वर चढणार कसं? आणि ही दांडी पक्ष्यांना लागत नाही, कावळ्याला लागते. घर दिलंस, पण स्वयंपाकघर कुठंय? अळ्या गवतात असतात, झुडपांत असतात. तू तर रानाची हजामत केलीयस."

मालकांनी माझी दांडी उपटली. ज्या हातांनी मला चमकवले होते, त्याच हातांनी पटाशी घेऊन माझे अंतरंग खरवडले. फार दुखले. त्या वर्षी त्यांनी कुंपणालगतचे गवत वाढू दिले आणि उपटलेल्या झुडपांच्या जागी पुन्हा फुटवे येऊ दिले. झाडाची लोंबती फांदी तेवढी कापली, तीही पिल्ले उडाल्यावर.

पुढच्या हंगामात माझ्याकडे एक जोडी आली. मी आई झाल्यासारखी मिरवले. पण त्या दोघांनी भरवायला किडे कुठून आणावेत? त्या मेल्याच्या सालीखालून! आणि पिल्ले माझ्या दारातून पहिल्यांदा उडाली, ती कुठे जाऊन बसली असतील? त्याच्याच उघड्या फांदीवर.

मित्रांनो, आता जे सांगायचे आहे ते सांगताना माझी जीभ जड होते. हिवाळ्यात माझे झाकण उघडून जुने घरटे काढून टाकत जा. गवत कापायची घाई करू नका. आणि ते झाड पाडू नका. माझ्यासारखी पेटी कोणीही उरलेल्या फळीतून करील. त्याच्यासारखे व्हायला मात्र एका झाडाचे सगळे आयुष्य लागते. त्याला उभे राहू द्या, माझ्या डोळ्यांसमोरच राहू द्या. नाहीतर रोज सकाळी उठून मी कोणावर जळू?