खडकीच्या गाडीतला आत्मा

गाडीवर कुणी बसलेलं नव्हतं, तरी इंजिन किंचाळत होतं. खडकीतल्या क्वार्टर्समागच्या मोकळ्या जागेत रविवारी सकाळी शे-दीडशे माणसं हात जोडून उभी होती. मच्छिंद्रबाबांनी ओल्या भस्माचा गोळा उचलला, डोळे मिटले आणि इंजिनाच्या कुशीत हात घातला.

"शांत हो, लेकरा! तुझी आई इथंच आहे!"

किंचाळणारं इंजिन हळूहळू उतरलं आणि शहाण्यासारखं टुकटुक चालू लागलं. बायांनी डोळ्यांना पदर लावले. माझ्या शेजारचा पदवीधर इसम पुटपुटला, "सायन्सच्या पलीकडचं आहे हो हे." त्याचं सायन्स कुठं संपतं, ते विचारायचं मी टाळलं.

मी मेहबूब. खडकी बाजारात माझं गॅरेज आहे. ही टू-स्ट्रोक मोटरसायकल माझ्या मित्राची, धम्मदीपची. मडगार्ड काढून, गुठळ्यांचे टायर चढवून आम्ही दोघांनी ती मातीच्या शर्यतींसाठी तयार केली होती. नव्व्याण्णवच्या जानेवारीत तो काविळीनं गेला, एकोणतिसाव्या वर्षी. गाडी उन्हात तशीच पडून राहिली. चंपामावशी, त्याची आई, तिला कुणाला हात लावू देईना. मलाही नाही.

एप्रिलमध्ये शेजाऱ्यांनी मावशीला मनवून गाडीला किका मारून पाहिल्या. आधी सुरूच होईना. मग झाली ती थेट किंचाळायलाच लागली, ॲक्सिलरेटरची मूठ सोडली तरी. मावशी घाबरली. कुणीतरी मच्छिंद्रबाबाला आणलं, आणि त्यानं ऐकताक्षणी निदान केलं: धम्मदीपचा आत्मा गाडीत अडकलाय. ज्या घरातून छप्पन साली देव्हारा बाहेर गेला, त्या घरात हा माणूस पाटावर बसून जेवू लागला.

दर रविवारी तोच खेळ. भैरू नावाचा चेला झोळीतून लाल कापड काढून गाडीवर टाकायचा, कापडाखाली लिंबू फिरवायचा, आणि सुरू न होणारी गाडी दोन किकांत सुरू व्हायची. मग किंचाळणं, मग भस्म, मग शांतता. पुढच्या रविवारी आत्मा पुन्हा बिथरलेला असायचा.

या सगळ्यात प्रश्न विचारणारी एकच होती. धम्मदीपची बायको, पूर्वा. सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला; दोन हजार साल उजाडताना कॉम्प्युटर बंद पडू नयेत म्हणून त्यांची तेव्हा धावपळ चालली होती. पहिल्याच रविवारी तिनं विचारलं होतं, "आत्मा फक्त रविवारीच का मोकळा असतो, बाबा?" बाबा हसला होता. पण विसरला नव्हता.

या रविवारच्या आदल्या दिवशी ती माझ्याकडे आली. "मेहबूबभाई, तो हात दर वेळी एकाच जागी लावतो. कार्बोरेटर आणि इंजिन यांच्या मधल्या रबरावर. आणि त्याच्या भस्माला साबणाचा वास येतो."

मला सगळं लख्ख दिसलं. "उद्या मी येतो," म्हणालो.

आता त्या शांत इंजिनापुढे बाबानं डोळे उघडले. "आत्मा बोलला, माई. म्हणतो, ही बाई या घरात आहे तोवर मला सुटका नाही. आज दुपारच्या आत तिला माहेरी धाडा."

चंपामावशी खाली बघत म्हणाली, "पूर्वा, माझ्या पोराची सुटका होत असेल तर..."

"जाईन, आई," पूर्वा म्हणाली. "त्याआधी मला एकदा मंत्र म्हणू द्या. मी त्याची बायको आहे."

बाबा उठेपर्यंत ती गाडीजवळ पोचली होती. तिनं फडक्यानं रबरावरचं भस्म पुसलं. इंजिन पुन्हा किंचाळलं. लोक मागे सरले. पूर्वानं ओल्या साबणाचा तुकडा रबरावर दाबून चोळला आणि मोठ्यानं म्हणाली, "बे एके बे! बे दुणे चार! बे त्रिक सहा!"

इंजिन शांत झालं.

"साबण काढते," ती म्हणाली. किंचाळणं. "लावते. बे चोक आठ!" शांतता. मागं कुणीतरी फिस्सकन हसलं.

मी चावी बंद केली, रबर खोलून काढलं आणि सगळ्यांसमोर वाकवलं. उन्हानं पडलेली भेग उघडी झाली. "इथून जादा हवा आत जाते. पेट्रोल कमी, हवा जास्त. त्यामुळे मूठ सोडली तरी इंजिन चढत राहतं. भेग बुजवली की उतरतं. गळक्या टाकीला आम्ही मेकॅनिक साबणच लावतो. उन्हात वाळून तो सुटला, की तुमचा आत्मा परत येतो. आणि बंद गाडी सुरू कशी होते? भैरू, ती झोळी दाखव."

भैरू पळायच्या बेतात होता, लोकांनीच धरला. झोळीत लिंबाशेजारी प्लग-पाना आणि तेलानं काळा झालेला, ठिणगी न देणारा स्पार्क प्लग. कापडाखाली तो कोरडा प्लग बसवायचा आणि जाताना पुन्हा हाच काळा.

"बाबा, कुठल्या गॅरेजात शिकलात?" मी विचारलं.

"तुझा सर्वनाश होईल!"

"होईल तेव्हा होवो. आधी उत्तर द्या."

बाबा गर्दीतून वाट काढू लागला. ज्यांनी त्याच्या पायाचं पाणी डोळ्यांना लावलं होतं, तेच आता त्याच्या अंगावर धावले. मी आणि पूर्वानं मध्ये पडून त्याला पोलीस चौकीत नेलं. मारावासं मलाही वाटत होतं. खूप वाटत होतं.

परतलो तेव्हा मावशी गाडीशेजारी जमिनीवर बसली होती. "मेहबूब, म्हणजे माझा धम्मा यात नव्हता?"

"नव्हता, मावशी."

"दर रविवारी मी त्याच्याशी बोलत होते रे."

ती रडली. जानेवारीत रडली नव्हती तेवढी रडली. पूर्वा तिच्या पाठीवर हात ठेवून बसली. डोळे पुसून मावशी तिला म्हणाली, "तुला घालवायला निघाले होते मी. माझ्या तोंडून कसं निघालं गं ते?"

त्या भोंदूबद्दल माझ्या मनात आजही दया नाही. त्यानं एका आईला तिचा मेलेला मुलगा दर आठवड्याला दाखवला आणि दर आठवड्याला काढून घेतला. पण हात जोडून उभ्या राहिलेल्या त्या दीडशे जणांवर माझा राग त्याहून थोडा जास्तच आहे. त्यांच्यातल्या निम्म्यांच्या घरी स्कूटर होती. कुणीही वाकून पाहू शकला असता. वाकली ती एकटी, जिला घराबाहेर काढणार होते. एखादी गोष्ट कळत नसेल, तर खुशाल म्हणा, कळत नाही. त्यात लाज नाही. मग हात सोडा आणि जवळ जाऊन बघा.